कोंबडीची पिशवी आणि माणसाचे सांधे

आजचा धागा लांब आहे, सवडीने वाचावा. यात किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आहे ती एका प्रदीर्घ तपासाची हकिगत. शरीराचे रक्षण करण्यासाठी नेमलेल्या फौजेतील कोणीतरी स्वतःच्याच मुलखावर चालून जाते, सांधे पोखरते, मूत्रपिंडे निकामी करते. हा फितूर नेमका कोण, हे ठरवायला विसाव्या शतकाचा बहुतेक काळ खर्ची पडला. आणि त्याचा माग लागला तो कोंबडीच्या शेपटीखालच्या एका क्षुद्र पिशवीतून.

आधी रोगांची ओळख करून घेऊ. म्हातारपणी गुडघ्याची कुर्चा झिजून जो संधिवात होतो, तो येथे अभिप्रेत नाही. रुमेटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे ढोबळपणे आमवात म्हणतात, तो ऐन उमेदीतही गाठतो. सकाळी उठल्यावर बोटे मिटत नाहीत, मनगटे सुजतात आणि उपचार न झाल्यास काही वर्षांत हात वेडेवाकडे होतात. ल्युपस हा त्याचा अधिक घातकी भाऊबंद. दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया, त्याही बहुधा तरुण. त्वचा, सांधे, मूत्रपिंड, मेंदू, कशावरही तो उतरू शकतो. या साऱ्या रोगांत एक गोष्ट समान आहे: प्रतिकारशक्तीला आपले आणि परके यांतला भेद कळेनासा होतो.

असे काही घडू शकते, हेच मुळी विज्ञानाला फार काळ मान्य नव्हते.

१९०० च्या सुमारास फ्रँकफर्ट येथे पाउल एर्लिख आणि युलियुस मॉर्गेनरोथ शेळ्यांवर प्रयोग करीत होते. एका शेळीचे रक्त दुसरीला टोचले, की दुसरी त्या रक्तपेशी फोडणारी प्रतिपिंडे तयार करी. स्वतःच्या रक्तपेशी फोडणारी प्रतिपिंडे मात्र एकीनेही केली नाहीत. यावरून एर्लिख यांनी एक लॅटिन संज्ञा घडविली: हॉरर ऑटोटॉक्सिकस. स्वतःलाच विषारी ठरण्याची शरीराला वाटणारी धास्ती, असा तिचा आशय. एर्लिख स्वतः पुष्कळ सावध होते. अशी प्रतिपिंडे निर्माण झालीच तर त्यांना आवर घालणारी काही व्यवस्था शरीरात असली पाहिजे, इतकेच त्यांचे म्हणणे होते. पुढे शिष्यपरंपरेने त्या सावध विधानाचा कडक नियम करून टाकला. विज्ञानाच्या इतिहासात हे वरचेवर घडते. गुरू शंका ठेवून बोलतो, शिष्य ती गाळून पाठ करतात.

वास्तविक पुरावा लगेचच हाती आला होता. १९०४ साली व्हिएन्नात युलियुस डोनाथ आणि कार्ल लँडस्टाइनर (हेच ते रक्तगटांचे शोधक) यांनी एका चमत्कारिक रोगाचा उलगडा केला. त्यातील रुग्णांना थंडी बाधली की लघवी लाल होई. त्यांच्या रक्तात स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारी प्रतिपिंडे होती. म्हणजे शरीर स्वतःवर उलटू शकते, हे चार वर्षांतच सिद्ध झाले होते. पण हा अपवाद समजून बाजूला ठेवला गेला आणि पुढची चार-पाच दशके मुख्य प्रवाह त्या दिशेला फारसा फिरकला नाही.

१९४० साली ऑस्लो येथे एरिक वॉलर यांना आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. मेंढीच्या तांबड्या पेशींवर सशाच्या प्रतिपिंडांचा लेप देऊन त्यांत आमवाताच्या रुग्णाच्या रक्ताचा द्रव मिसळला, तर पेशींच्या गुठळ्या होत. रुग्णाच्या रक्तात असे काही होते की जे प्रतिपिंडांनाच चिकटत होते. पुढे त्याला रुमेटॉइड फॅक्टर हे नाव मिळाले. आजही रक्त तपासणीच्या कागदावर ‘आर.ए. फॅक्टर’ म्हणून जे छापून येते, ते हेच. थोडक्यात, हे प्रतिपिंडांविरुद्धचे प्रतिपिंड. पण तो काळ महायुद्धाचा होता. शोध मागे पडला आणि १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरी रोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो जवळपास नव्याने लावावा लागला. वॉलर यांची ही नोंद लक्षात ठेवावी. साठ वर्षांनंतर ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

१९४८ हे साल या कथेत फार गजबजलेले आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिकमध्ये, माल्कम हारग्रेव्ह्ज यांनी ल्युपसच्या रुग्णांत एक विलक्षण पेशी पाहिली. एका पांढऱ्या पेशीने दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून टाकले होते. पेशीच्या केंद्रकाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात, या समजुतीकडे नेणारी ही पहिली पायरी. त्याच वर्षी त्याच संस्थेत फिलिप हेंच हे सांधेतज्ज्ञ एका जुन्या कोड्यामागे लागले होते. कावीळ झाली किंवा गर्भ राहिला, की स्त्रियांचा आमवात तात्पुरता ओसरतो, हे त्यांनी दोन दशके टिपून ठेवले होते. शरीरातच बनणारा एखादा पदार्थ हे करीत असावा, असा त्यांचा तर्क. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल यांच्याकडे अधिवृक्क ग्रंथीतून वेगळा काढलेला एक पदार्थ होता. त्याला ‘संयुग ई’ म्हणत. बैलाच्या पित्तापासून, अनेक रासायनिक पायऱ्या चढून, मर्क कंपनीने तो थोडासा तयार केला होता. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला त्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले. काही दिवसांतच ती चालू लागली आणि बाजारात फिरून आली.

हे औषध म्हणजे कॉर्टिसोन. दोनच वर्षांनी, १९५० साली, हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळाले. इतक्या झपाट्याने क्वचितच कोणाला मिळाले असेल.

पण कॉर्टिसोनचे खरे रूप लवकरच उघडे पडले. औषध थांबवले की रोग परत येई. चालू ठेवले तर चेहरा चंद्रासारखा गोल होई, हाडे ठिसूळ होत, रक्तातील साखर वाढे, साधा संसर्गही जिवावर बेते. कॉर्टिसोन फितुराला शोधत नाही. ते साऱ्या फौजेलाच गुंगी देते. स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे नातेवाईक ज्यांच्या घरात आहेत, त्यांना हे अधिक सांगायला नको.

दुसरे हत्यार आले ते एका भारतीयाच्या हातून, आणि त्याची आठवण आपल्याकडे फार कमी होते. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या चमूने फॉलिक आम्लाला अडथळा करणारी संयुगे बनवली. १९४८ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिले आणि प्रथमच तो रोग काही काळ मागे हटला. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. १९५१ मध्ये गुबनर व सहकाऱ्यांनी तेच औषध आमवाताला वापरून पाहिले आणि गुण आला. पण साऱ्या जगाचे डोळे कॉर्टिसोनने दिपलेले होते, तिकडे कोण पाहणार? त्याचे भावंड मेथोट्रेक्सेट आमवाताच्या उपचारात खऱ्या अर्थाने रुळायला १९८० चे दशक उजाडले. अमेरिकेत त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली १९८८ साली. आज आठवड्यातून एकदा घ्यायची ती पिवळी गोळी जगभरच्या उपचारांचा पाया आहे. मात्र तीही झपाट्याने वाढणाऱ्या कोणत्याही पेशीला अडवते. नेम नाहीच.

नेम धरायचा तर आधी लक्ष्य ठाऊक हवे. आता कोंबडीकडे वळू.

पक्ष्यांच्या विष्ठामार्गाच्या टोकाशी एक लहानशी पिशवी असते. इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस, म्हणजे रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वे यांचे गुरू, यांनी तिचे वर्णन केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना वाटले, नराचे वीर्य साठवण्याची ही जागा असावी. तर्क चुकला, पण नाव चिकटले: फाब्रिसियसची पिशवी, अर्थात बर्सा. पुढील तीनशे वर्षे ती कशासाठी असते, हे कोणालाच सांगता आले नाही.

१९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा कुक्कुटशास्त्राचा विद्यार्थी होता. एका प्राध्यापकांनी हंस कापून दाखवताना ती पिशवी बाहेर काढली. हिचे काम काय, असे ग्लिकने विचारले. प्राध्यापकांचे उत्तर थोडक्यात असे, की प्रश्न चांगला आहे, तूच शोध. ग्लिकने कोवळ्या पिल्लांची बर्सा काढून टाकली आणि ती वाढवली. विशेष काही फरक दिसेना.

आणि मग योगायोग घडला. टिमथी चँग या सहाध्यायाला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचे होते: कोंबडीला साल्मोनेला जंतूंचा अंश टोचायचा आणि तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झालेली दाखवायची. त्याला कोंबड्या कमी पडल्या, म्हणून त्याने ग्लिककडच्या मागून घेतल्या. प्रात्यक्षिक साफ फसले. प्रतिपिंडेच आली नाहीत. दुसरा कोणी असता तर चरफडत नव्या कोंबड्या आणून मोकळा झाला असता. हे दोघे मात्र नोंदवही घेऊन बसले, आणि कोणत्या कोंबड्यांची बर्सा काढलेली होती, ते जुळवून पाहिले. प्रतिपिंडे न करणाऱ्या त्याच होत्या.

त्यांनी हा निबंध ‘सायन्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकाकडे पाठवला. तो नाकारला गेला. अखेर १९५६ साली तो ‘पोल्ट्री सायन्स’ मध्ये छापून आला. कोंबड्यांवरचे मासिक माणसांचे डॉक्टर कशाला उघडतील? प्रतिकारशास्त्रातील एक पायाभूत शोध कित्येक वर्षे कुक्कुटपालनाच्या कपाटात पडून राहिला.

त्याच १९५६ मध्ये एर्लिख यांच्या परंपरेलाही मोठा हादरा बसला. बफेलो येथे नोएल रोज यांनी सशाला त्याच्याच थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला आणि सशाने स्वतःच्या ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे केली. रोज यांचे वरिष्ठ अर्न्स्ट विटेब्स्की हे एर्लिखच्या वारशातले. त्यांना हे पचवणे इतके जड गेले, की फेरतपासण्यांत वर्षे गेली आणि मगच निबंध बाहेर पडला. त्याच वर्षी लंडनमध्ये आयव्हन रॉइट आणि डेबोरा डोनियाक यांनी माणसाच्या थायरॉइडच्या रोगात तेच दाखवून दिले. स्वतःवर उलटणारी प्रतिकारशक्ती आता नाकारण्याची सोय उरली नाही.

ग्लिक यांच्या कोंबड्यांना न्याय मिळाला तो १९६५ मध्ये. दरम्यान, १९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर यांनी उंदरांवर प्रयोग करून छातीतील थायमस ग्रंथीचे महत्त्व दाखवले होते. मिनेसोटा येथे मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबडीच्या काही पिल्लांचा थायमस काढला, काहींची बर्सा काढली आणि किरणोत्साराने उरल्यासुरल्या पेशी नष्ट केल्या. थायमस नसलेली पिल्ले प्रतिपिंडे करू शकत, बर्सा नसलेली करू शकत नसत. म्हणजे फौजेची दोन स्वतंत्र दले होती. थायमसमध्ये तयार होणाऱ्या त्या टी पेशी आणि बर्सातील त्या बी पेशी. माणसाला बर्सा नसते. आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत घडतात. पाठ्यपुस्तकात वाचलेले ते ‘बी’ अक्षर मात्र थेट कोंबडीकडून आलेले आहे. मिलर आणि कूपर यांना यासाठी २०१९ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

दोन संशयित सापडले. आता वाटेल, की आमवातात प्रतिपिंडे सापडतात, प्रतिपिंडे बी पेशी करतात, तेव्हा आरोपी उघड आहे. पण इतिहास इतका सरळ चालला नाही. १९७० आणि ८० च्या दशकांत टी पेशींचा बोलबाला झाला. त्या सेनापती, बी पेशी केवळ हुकमाचे ताबेदार. सुजलेल्या सांध्यात सूक्ष्मदर्शकाखाली टी पेशींचे थवे दिसत. रुमेटॉइड फॅक्टर तर काही निरोगी माणसांतही सापडे. तेव्हा तो रोगाचा धूर, आग नव्हे, असे ठरले. बी पेशींवरचा खटला जवळजवळ निकालात निघाला.

याच काळात हत्यार मात्र घडत होते. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी हव्या त्या एकाच खुणेला चिकटणारी प्रतिपिंडे अमर्याद प्रमाणात बनवण्याची रीत शोधली. तिचे पेटंटही ब्रिटनने घेतले नाही. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर काही बिल्ले असतात. १९८० मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी बी पेशींवरचा एक बिल्ला ओळखला, त्याला आज सीडी२० म्हणतात. आता त्या बिल्ल्यालाच चिकटून पेशी मारणारे औषध करता येणे शक्य होते. सॅन डिएगोच्या आयडेक कंपनीने ते केले. उंदराचा काही भाग आणि माणसाचा काही भाग जोडून बनवलेल्या या प्रतिपिंडाचे नाव रिटुक्सिमॅब. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण ती लिम्फोमा या कर्करोगासाठी.

आमवाताच्या डॉक्टरांनी मात्र याच पद्धतीची शस्त्रे टी पेशींवर रोखली. १९९० च्या दशकात टी पेशींच्या सीडी४ या बिल्ल्याविरुद्धची प्रतिपिंडे रुग्णांना देण्यात आली. रक्तातील टी पेशी घटल्या, काही औषधांनी तर दीर्घकाळ घटलेल्याच राहिल्या, आणि सांधे होते तसेच सुजलेले. मुख्य आरोपीला तुरुंगात टाकले तरी चोऱ्या चालूच, असा तो प्रकार.

मधल्या काळात एक मोठे यश वेगळ्या वाटेने आले. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी पेशींना बाजूला ठेवून त्यांच्यातील निरोपांवर लक्ष दिले. टीएनएफ हा सुजेचा निरोप अडवणारे औषध १९९२ मध्ये त्यांनी रुग्णांना दिले आणि अनेकांचे सांधे मोकळे झाले. आपल्यासारख्या देशात त्याची एक बोचरी अडचण पुढे लक्षात आली. टीएनएफ अडला की शरीरात दबून बसलेला क्षयरोग उठतो. म्हणून आजही हे औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी केली जाते. पण हा निरोप मुळात पाठवायला लावतो कोण, हा प्रश्न राहिलाच.

आता या कथेतील माझा आवडता माणूस. जोनाथन एडवर्ड्स, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सांधेतज्ज्ञ. जो केंब्रिज या सहकारी संशोधिकेसह त्यांनी वॉलर यांच्या त्या जुन्या प्रतिपिंडाकडे नव्याने पाहिले. त्यांचा तर्क समजायला थोडा अवघड आहे, पण सावकाश वाचल्यास सुंदर आहे.

बी पेशीला मोकाट सुटता येत नाही. तिने पकडलेल्या परक्या वस्तूचा तुकडा टी पेशीला दाखवायचा असतो. टी पेशीने तो परका म्हणून ओळखला, तरच बी पेशीला वाढण्याची परवानगी मिळते. ही उत्तम तपासणी चौकी आहे. पण रुमेटॉइड फॅक्टर करणारी बी पेशी काय पकडते? दुसरे प्रतिपिंड. आणि त्या प्रतिपिंडाने आधीच एखादा जंतू पकडलेला असला, तर? बी पेशी दोन्ही गिळते आणि चौकीवर जंतूचा तुकडा दाखवते. टी पेशी प्रामाणिकपणे शिक्का मारते. परवाना जंतूच्या नावाने, वाढ मात्र स्वतःवर उलटलेल्या पेशीची. शिवाय तिने केलेली प्रतिपिंडे एकमेकांना चिकटून जी लहान जुडी होते, ती सांध्यातील पेशींना डिवचून टीएनएफ बाहेर टाकायला लावते. म्हणजे टी पेशी फितूर नव्हे, फसवलेली पहारेकरी. आणि एकदा सुरू झालेले हे चक्र आपणच आपल्याला चालवत राहते.

हे खरे असेल, तर बी पेशी एकदा पूर्ण साफ केल्या की चक्र तुटले पाहिजे. हत्यार तर कर्करोगाच्या विभागात तयारच होते. एडवर्ड्स यांचे मत तेव्हाच्या प्रचलित समजुतीविरुद्ध होते, त्यामुळे सुरुवात अगदी छोट्या प्रमाणावर झाली: इतर सर्व औषधे हरलेले पाच रुग्ण. रिटुक्सिमॅब, जोडीला सायक्लोफॉस्फामाइड आणि स्टेरॉइड. पाचही जणांत ठळक सुधारणा झाली. २००१ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी दुसरा गट नाही, रुग्ण जेमतेम पाच. शंका घेणाऱ्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही.

मग रीतसर चाचणी झाली. १६१ रुग्ण, चार गट. २००४ मध्ये निष्कर्ष आले. केवळ मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांपैकी १३ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा अधिक घटली होती. मेथोट्रेक्सेट आणि रिटुक्सिमॅब मिळून घेणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के. तेही दोन आठवड्यांच्या अंतराने दिलेल्या केवळ दोन सलाइनवर, सहा महिन्यांनंतर. २००६ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती काढली आणि भारतीय रुग्णांना स्वस्त पर्याय मिळाला.

सुब्बाराव यांच्या संयुगांप्रमाणेच हेही औषध कर्करोगाकडून सांध्यांकडे आले. हा योगायोग या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो.

बी पेशी मारल्या तर माणूस संसर्गाने मरणार नाही का? ही शंका तेव्हाही होती. सीडी२० हा बिल्ला प्रतिपिंडे ओतणाऱ्या पूर्ण वाढीच्या प्लाझ्मा पेशींवर नसतो. त्यामुळे जुन्या लसींचे संरक्षण बहुतांशी टिकते. नव्या लसीचे मात्र कठीण. करोनाच्या काळात रिटुक्सिमॅब घेतलेल्या अनेक रुग्णांत लस टोचूनही पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली नाहीत. आणि टी पेशी पूर्ण निर्दोष सुटल्या असेही नव्हे. त्यांचा तो शिक्का मारण्याचा हातच अडवणारे अबाटासेप्ट हे औषध २००५ मध्ये मान्य झाले आणि तेही उपयोगी पडते.

ल्युपसमध्ये मात्र घोर निराशा झाली. प्रतिपिंडांचा रोग म्हणावा तर हाच, पण रिटुक्सिमॅबच्या दोन मोठ्या चाचण्या, एक्सप्लोरर आणि ल्युनार, अपयशी ठरल्या. २०११ मध्ये बी पेशींचे पोषण तोडणारे बेलिमुमॅब मान्य झाले. अर्ध्या शतकाहून अधिक काळात ल्युपससाठी मान्य झालेले हे पहिले नवे औषध. त्याआधीचे म्हणजे मलेरियाचे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. २०२० च्या वसंतात करोनाच्या अफवेने जग ज्या गोळीवर तुटून पडले ती हीच, आणि ती ज्यांना रोज लागते त्या ल्युपसच्या रुग्णांना ती मिळेनाशी झाली होती.

रिटुक्सिमॅब हरले कुठे? रक्तातील बी पेशी ते पुसून टाकते, पण लसिकाग्रंथी आणि ऊतींच्या कोपऱ्यांत काही पेशी दडून राहतात. प्रतिपिंड हे शेवटी एक रेणू आहे. जिथे पोहोचेल तिथेच त्याचे काम. कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन शोधणारा शिपाई हवा होता.

तो शिपाई म्हणजे टी पेशी! एके काळची मुख्य आरोपी. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक घालायचे, म्हणजे त्या बी पेशींवरचा सीडी१९ हा बिल्ला ओळखू लागतात, आणि मग त्या परत शरीरात सोडायच्या. यालाच कार-टी म्हणतात. कल्पनेचे एक जनक इस्रायलचे झेलिग एश्हार. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात सहा वर्षांच्या एका मुलीला रक्ताच्या कर्करोगासाठी कार्ल जून यांच्या चमूने घडवलेल्या अशा पेशी दिल्या गेल्या. तिच्या शरीरात सुजेचे असे वादळ उठले की ती मरणाच्या दारात पोहोचली. तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हा निरोप अफाट वाढलेला आढळला. तो अडवणारे टोसिलिझुमॅब हे आमवाताचे औषध जून यांना ठाऊक होते, कारण त्यांच्या घरातच लहान मुलांच्या संधिवाताचा अनुभव होता. औषध दिले आणि मुलगी वाचली. कर्करोगाने सांध्यांना दिलेल्या उसनवारीची ही परतफेड म्हणा.

२०१९ मध्ये मेम्फिस येथील संशोधकांनी ल्युपसच्या उंदरांवर कार-टी वापरून दाखवले. आणि २०२१ मध्ये जर्मनीतील एर्लांगन विद्यापीठात गेओर्ग शेट आणि आंद्रेआस माकेन्सेन यांनी पाऊल टाकले. २० वर्षांची तरुणी, ल्युपसने मूत्रपिंडे ग्रासलेली, औषधे थकलेली. तिच्याच पेशी बदलून तिला परत दिल्या. काही आठवड्यांत रोगाची प्रतिपिंडे दिसेनाशी झाली, लघवीतून जाणारी प्रथिने घटली. पुढच्या वर्षी ल्युपसच्या पाच रुग्णांचा अहवाल आला आणि २०२४ मध्ये १५ जणांचा: ८ ल्युपसचे, ४ त्वचा दगडासारखी करणाऱ्या सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे, ३ स्नायू सुजवणाऱ्या मायोसायटिसचे. सर्वांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद झाली होती.

मला त्यातले सर्वांत विलक्षण वाटते ते वेगळेच. साधारण साडेतीन-चार महिन्यांनी या रुग्णांच्या बी पेशी परत आल्या, पण रोग आला नाही. आलेल्या पेशी कोऱ्या होत्या, अस्थिमज्जेतून नव्याने निघालेल्या, जुन्या वैराची आठवण नसलेल्या. फौज तीच, नव्याने भरती केलेली.

हे सारे अजून बाल्यावस्थेत आहे. रुग्ण मूठभर आहेत, पाठपुरावा काही वर्षांचाच आहे. पेशी सोडण्यापूर्वी केमोथेरपी द्यावी लागते, आणि ती तरुण स्त्रियांच्या बाबतीत लहान गोष्ट नव्हे. कार-टी घेतलेल्या कर्करोगाच्या काही मोजक्या रुग्णांत टी पेशींचाच कर्करोग आढळल्याने अमेरिकेने २०२४ मध्ये या उपचारांवर इशारा छापणे सक्तीचे केले. मरणाच्या दारातील कर्करुग्ण जो धोका पत्करतो, तो पंचविशीतील ल्युपसच्या मुलीने पत्करावा का, यावर डॉक्टरांचे एकमत नाही.

आणि किंमत. अमेरिकेत २०१७ साली पहिल्या कार-टी उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर ठेवली गेली. मुंबईत आयआयटीतील राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या साथीने, सीडी१९ हाच बिल्ला ओळखणारी भारतीय कार-टी तयार झाली. नेक्सकार१९ तिचे नाव. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी पवईत राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झाले. किंमत ४० लाख रुपयांच्या आसपास, म्हणजे अमेरिकेतील किमतीच्या जवळपास दशांश, तरीही बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर. ती मान्यता बी पेशींच्या कर्करोगांसाठी होती. पण रिटुक्सिमॅबही आधी तिथूनच आले होते.